न उघडलेल्या झाकणामागची 'नवी' टायमिंग चेन

माझ्या तीन सिलिंडरच्या लहान गाडीची टायमिंग चेन (पिस्टन आणि झडपा यांच्या हालचालींचा मेळ राखणारी साखळी) आणि ऑइल पंपाचा बेल्ट बदलल्याचे पूर्ण पैसे एका गॅरेजने घेतले आणि प्रत्यक्षात यातले काहीही न बदलता गाडी परत दिली. हे काम इंजिनाच्या पुढच्या झाकणाआड होत असल्यामुळे ते झाले की नाही हे बाहेरून दिसत नाही, आणि नेमका याचाच फायदा घेतला गेला.

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू केली की दोन-तीन सेकंद खडखडाट होई आणि थांबे. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. तो दाब तयार होईपर्यंत सैल झालेली चेन गाइडवर, म्हणजे तिला वाटेवर ठेवणाऱ्या पट्टीवर, आपटते. 'चेन लांबली' असे म्हणतात तेव्हा पोलाद ताणले गेलेले नसते, तर प्रत्येक कडीतील पिन आणि तिचे छिद्र किंचित झिजते आणि सगळ्या कड्यांची झीज मिळून चेनची लांबी वाढते. पुढे इंजिनाचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी0016 हा कोड आला, म्हणजे क्रँकशाफ्ट (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) आणि कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) यांचा मेळ बिघडला होता. गॅरेजचे निदान बरोबरच होते. या इंजिनात कॅमशाफ्ट चेनवर फिरत असला तरी ऑइल पंप मात्र ऑइलमध्येच बुडून चालणाऱ्या एका लहान रबरी बेल्टवर चालतो, तोही त्याच झाकणामागे असतो आणि म्हणून दोन्ही एकदमच बदलावेत, हा त्यांचा सल्लाही योग्य होता. 'चेनचे इंजिन आहे, बेल्टची चिंता नाही' असे मी तोवर समजत होतो, त्यामुळे इतकी माहिती देणाऱ्या माणसावर माझा विश्वास अधिकच बसला.

गाडी परत घेताना मला पिशवीत एक जुनी, तेलकट चेन दाखवण्यात आली. बेल्ट कुठे आहे असे विचारल्यावर 'तो कचऱ्यात गेला' असे उत्तर मिळाले, आणि मी ते मान्य केले. आवाज खरोखरच बराच कमी झाला होता आणि दिवाही विझला होता.

काही महिन्यांनी, इंजिन चांगले तापलेले असताना, सिग्नलला थांबल्यावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला आणि वेग वाढवताच गेला. डिपस्टिकवर ऑइल पूर्ण होते. त्याच गॅरेजला फोन केला असता सेन्सर खराब असेल, गाडी चालवत राहा, असे सांगण्यात आले. मी आणखी चार दिवस गाडी चालवली. ऑइलचा लाल दिवा पातळी नव्हे तर दाब दाखवतो, आणि तो लागताच इंजिन बंद करायचे असते, हे मला त्या वेळी माहीत असते तर पुढचे नुकसान टळले असते.

दुसऱ्या मेकॅनिकने सेन्सर काढून त्या जागी साधा प्रेशर गेज लावला, तेव्हा दाब खरोखरच कमी निघाला. खालचा चेंबर उघडल्यावर ऑइल खेचणाऱ्या नळीच्या तोंडावरची जाळी काळ्या रबराच्या बारीक तुकड्यांनी अर्ध्याहून अधिक बुजलेली होती. मग त्यांनी मला बोलावून, झाकणाला हात लावण्याआधी, त्याची कड दाखवली: कारखान्यात लावलेल्या सीलंटची सलग रेघ कुठेही कापलेली नव्हती आणि बोल्टांवरच्या रंगाच्या खुणाही जशाच्या तशा होत्या. झाकण त्या दिवशी पहिल्यांदाच उघडले गेले. आत टेन्शनरचा दट्ट्या जवळजवळ शेवटपर्यंत बाहेर आलेला होता, म्हणजे चेन जुनी, झिजलेलीच होती. बेल्टच्या कडा उसवल्या होत्या, दातांच्या मुळाशी भेगा होत्या आणि रबर बोटाने दाबले तर मऊ लागत होते. आतली चेन बारीक पात्यांची, दात्यांवर बसणारी होती. मला दाखवलेली चेन दुहेरी रोलरची, म्हणजे दुसऱ्याच कुठल्या तरी इंजिनाची होती. कोड नुसता पुसलेला होता आणि आवाज दाबण्यासाठी कंपनीने सांगितलेल्यापेक्षा जाड ऑइल भरले होते. असा बेल्ट असलेल्या इंजिनात ठरलेल्या प्रतीचेच ऑइल हवे, कारण चुकीच्या ऑइलने, तसेच छोट्या फेऱ्यांत ऑइलमध्ये मिसळणाऱ्या पेट्रोलने, ते रबर फुगते आणि झडू लागते.

दाबाअभावी टर्बोचा (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या भागाचा) शाफ्ट खिळखिळा झाला होता आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर ओरखडे पडले होते. ते सगळे बदलावे लागले.

या वेळी मी जुने-नवे भाग शेजारी ठेवून, मागे उघडे इंजिन आणि त्याचा क्रमांक दिसेल असे फोटो झाकण बसवण्याआधीच घेतले आणि बिलावर प्रत्येक भागाचा क्रमांक लिहून घेतला. हीच मागणी मी पहिल्या वेळी, काम देतानाच, करायला हवी होती. ज्याला काम करायचे आहे त्याला तिची अडचण होत नाही. पहिल्या गॅरेजला अखंड सीलंटचे फोटो जोडून लेखी तक्रार दिली आहे. 'आमच्या मुलाने केले असेल' एवढेच तोंडी उत्तर आले आहे. लेखी उत्तराची मागणी मी सोडलेली नाही.