आरव्ही-७ की आरव्ही-७ए: उतरण्याचा विचार आधी

व्हॅन्स या अमेरिकी कंपनीच्या, किट आणून स्वतः बांधायच्या या दोन विमानांतली निवड फ्यूजलाजचा, म्हणजे विमानाच्या धडाचा, किट मागवण्यापूर्वीच करावी लागते. शेपटीला चाक असलेल्या आरव्ही-७ मध्ये मुख्य चाकांचे पाय इंजिन माउंटमध्ये, म्हणजे इंजिन धरणाऱ्या सांगाड्यात, बसतात, तर ७ए मध्ये ते फ्यूजलाजमध्ये बसतात आणि इंजिन माउंटवर फक्त नाकाच्या चाकाचा पाय येतो. त्यामुळे मागाहून विचार बदलणे फार खर्चाचे ठरते. हवेत दोन्ही विमाने जवळपास सारखीच वागतात. फरक पडतो तो चाके टेकल्यानंतर.

टेलव्हील, म्हणजे शेपटीला चाक असलेल्या, विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्याने ते जरा तिरके टेकले की शेपटी पुढे यायला बघते, आणि तळहातावर उभी काठी तोलावी तसे विमान थांबेपर्यंत रडरच्या (शेपटीवरच्या सुकाणूच्या) पेडलांवर पाय जागे ठेवावे लागतात. नाही तर ग्राउंड लूप, म्हणजे विमान जमिनीवरच गर्रकन फिरणे, ठरलेला. अमेरिकेत असे विमान उडवण्यासाठी वैमानिकाच्या लॉगबुकात प्रशिक्षकाची वेगळी नोंद लागते आणि विम्याचा हप्ताही सहसा जास्त पडतो. ७ए सारखे नोजव्हील, म्हणजे नाकाखाली चाक असलेले, विमान मात्र तिरके टेकले तरी आपोआप सरळ होऊ पाहते. डांबरी रनवेवरून अधूनमधूनच उडणाऱ्याला मी ७ए घेऊ नका असे म्हणणार नाही.

आमची धावपट्टी गवताची आहे, आणि तिथे पारडे फिरते. आजवरच्या बहुतेक ७ए चे पुढचे चाक लहान, त्याचा पाय सडपातळ. विमान उसळून नाकावर आले किंवा चाक खड्ड्यात गेले, तर पाय मागे वाकतो, फोर्कवरचा (चाक धरणाऱ्या दुबेळक्यावरचा) नट जमिनीत रुततो आणि विमान उलटू शकते. २००७ मध्ये आलेल्या सुधारित फोर्कमुळे नट आणि जमीन यांच्यातले अंतर वाढले, हे खरे. पण टायरमधली हवा कमी झाली की तेच अंतर पुन्हा घटते. माझा निर्णय झाला तो या हवेपायी. मित्राच्या ७ए वर मी बरेच उड्डाण केले आहे. त्यात पुढच्या टायरची हवा बघायची म्हणजे चाकावरच्या फेअरिंगचे (आवरणाचे) स्क्रू काढायचे, व्हॉल्व्ह हाताशी येईल असे चाक फिरवायचे आणि सगळे पुन्हा बसवायचे. परिणामी अत्यंत काटेकोर माणूससुद्धा ते काम पुढच्या खेपेवर ढकलतो. माझ्या आरव्ही-७ चे शेपटीचे चाक भरीव रबराचे आहे, आणि मुख्य चाके वाकून पाहिली की झाले.

दुसरे असे की ग्राउंड लूपमध्ये बहुधा पंखाचे टोक आणि चाकाचा पाय जातो, क्वचित इंजिन माउंटही, पण माणूस सहसा चालत बाहेर येतो. उलटलेल्या विमानात कॅनॉपी, म्हणजे डोक्यावरचे पारदर्शक छत, जमिनीला टेकलेली असते आणि पंखांतले पेट्रोल गळू शकते. म्हणून ७ए घेणाऱ्याने कॅनॉपी फोडण्याचे हत्यार, पट्ट्यात लटकूनही हात पोहोचेल अशा जागी, पक्के बसवावे. आरव्ही-७ घेणाऱ्याने टेलव्हीलचे प्रशिक्षण बांधणी संपत आल्यावर घ्यावे. आधी घेतले तर पहिल्या उड्डाणापर्यंत पायांची सवय मोडलेली असते.