पाणी तपासणीची एफटीके पेटी: मराठवाड्यातल्या गावासाठी कितपत कामाची?

जल जीवन मिशनमध्ये (2019 पासून) प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं असं ठरलं. त्यांच्या हाती दिली जाते ती फील्ड टेस्ट किट, म्हणजे गावच्या बोलीत 'एफटीके' किंवा नुसतं 'किट'. ही पेटी बनवणारे पुरवठादार बरेच आहेत, पण आतलं सामान जवळपास सारखंच असतं: खुणा केलेल्या परीक्षानळ्या, थेंबाच्या बाटल्या, भुकटीच्या पुड्या, रंगांचं कार्ड आणि जंतूंसाठी एचटूएसच्या (जंतूंनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूमुळे काळ्या पडणाऱ्या) छोट्या बाटल्या. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही. या प्रकारच्या पेटीचं, आणि तिच्या जोरावर गावात होणाऱ्या पाणी-शिक्षणाचं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. क्लोरीन, नायट्रेट आणि काठिण्य (पाण्याचा जडपणा) यांच्यासाठी पेटी भरवशाची आहे. जंतूंसाठी उपयोगी आहे, पण तिच्या मर्यादा माहीत हव्यात. फ्लोराईडसाठी ती फक्त इशारा देते, निकाल नाही.

मराठवाड्यात या पेटीची सगळ्यात मोलाची चाचणी नायट्रेटची. इथल्या उथळ विहिरी मुरमाच्या आणि भेगाळ काळ्या पाषाणाच्या थरातलं पाणी ओढतात. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात आणि मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात उसाच्या, कापसाच्या रानातलं खत आणि गोठ्याजवळच्या उकिरड्याचा निचरा त्याच वाटेने खाली उतरतो. म्हणून ही चाचणी मे अखेरीस एकदा आणि पहिल्या दमदार पावसानंतर पुन्हा करावी. दोन आकड्यांतला फरक पाहिला की दूषण कुठून येतंय याचा अंदाज लागतो.

कृती सोपी आहे. नळी त्याच पाण्याने दोनदा खंगाळायची, खुणेपर्यंत भरायची, पुडी टाकायची, बूच लावून पत्रकात सांगितलेला पूर्ण वेळ हलवायची आणि मग ठरलेली मिनिटं थांबून गुलाबी रंग कार्डाशी जुळवायचा. चुका होतात त्या इथेच. नळी नीट हलवली नाही तर नायट्रेटचं रूपांतर अर्धवट होतं आणि आकडा कमी येतो. जास्त वेळ ठेवली तर रंग गडद होत जातो. रंग सावलीतल्या उजेडात, मागे पांढरा कागद धरून बघावा. ट्यूबलाइटखाली किंवा थेट उन्हात नाही. रंग कार्डाच्या शेवटच्या चौकोनाच्याही पुढे गेला तर एक भाग पाण्यात चार भाग बॅटरीचं पाणी (दुकानात मिळणारं डिस्टिल्ड पाणी, बॅटरीतलं ॲसिड नव्हे) मिसळून पुन्हा तपासावं आणि आलेला आकडा पाचने गुणावा.

आणि एक गोष्ट कुठल्याही प्रशिक्षणात सगळ्यात आधी सांगायला हवी. काही कार्डांवर आकडे नायट्रेटचे असतात, काहींवर नायट्रेट-नायट्रोजनचे, म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचे. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 10500) मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम नायट्रेट आहे आणि तिला सूट नाही. तीच मर्यादा नायट्रोजनमध्ये मोजली तर साधारण 10 होते. कार्डावर '10' दिसलं म्हणून 'मर्यादेच्या खूप खाली' असं वहीत लिहिलं जातं आणि तान्ह्या बाळाचं दूध त्याच पाण्यात कालवलं जातं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे वाढतं. कार्डावरचं एकक पाहिल्याशिवाय आकडा नोंदवू नये.

क्लोरीनची चाचणी ही नळयोजनेची रोजची तपासणी. गावातल्या शेवटच्या टोकाच्या नळाला, पाणी सुटल्यावर थोड्या वेळाने, किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं दिसायला हवं. जुन्या पेट्यांत ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावण असतं, पिवळा रंग येतो; नव्या पेट्यांत बहुधा डीपीडी नावाचं रसायन, त्याचा गुलाबी. डीपीडीची पेटी मिळत असेल तर तीच घ्यावी. ओटीचं रसायन कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, शिवाय तो पिवळा रंग लगेच पाहिला नाही तर मुक्त (जंतू मारायला मोकळं असलेल्या) क्लोरीनऐवजी एकूण क्लोरीन दिसतं. डीपीडीचीही एक खोड आहे: क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग येऊन लगेच उडतो आणि नळी कोरी दिसते. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) नुकतंच टाकलेलं असताना 'क्लोरीन नाही' असा निकाल आला तर पाणी पातळ करून पुन्हा बघावं, आणखी पावडर ओतू नये.

खरोखर शून्य आलं तर दोष बहुतेक वेळा पावडरीत असतो. ताज्या टीसीएलमध्ये क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असतं. गोणीचं तोंड उघडं ठेवून ती मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली पडली की ते झपाट्याने उडून जातं. मात्रा काढायची ती अशी: विहिरीचा व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये), गुणिले 785. हे झाले लिटर. दर हजार लिटरला 5 ग्रॅम ताजी पावडर. 6 मीटर व्यासाच्या विहिरीत 3 मीटर पाणी असेल तर जवळपास 85,000 लिटर, म्हणजे सव्वाचारशे ग्रॅम. बादलीत लापशीसारखं कालवून, चुना खाली बसू देऊन वरची निवळी विहिरीत सोडायची आणि निदान अर्धा तास पाणी उपसायचं नाही. जलसुरक्षकाने (पाण्यात टीसीएल टाकणाऱ्या गावच्या कर्मचाऱ्याने) हे गणित आणि ही चाचणी दोन्ही केल्या तरच टीसीएलवरचा खर्च सार्थकी लागतो.

एचटूएसची बाटली गावाला शिकवण्यासाठी सगळ्यात प्रभावी. पाणी खुणेपर्यंत भरायचं, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, उबदार अंधाऱ्या जागी ठेवायची आणि 24 व 48 तासांनी पाहायची. काळी पडली तर विष्ठेचं दूषण असण्याची दाट शक्यता. हापसा, सार्वजनिक विहीर, टाकीचा नळ आणि विकतचा जार अशा बाटल्या नावाच्या चिठ्ठ्या लावून ग्रामसभेत शेजारी शेजारी ठेवल्या, की तासभराचं व्याख्यान जे पटवू शकत नाही ते लोक स्वतः पाहतात. जारचं पाणी आवर्जून तपासा. टीडीएस (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) मीटरवर आकडा कमी दिसला म्हणजे त्यात जंतू नाहीत असं नव्हे.

पण या बाटलीचा निकाल हवामानावर फार अवलंबून आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री थंडी उतरते तेव्हा बाटली कपड्यांच्या कपाटात किंवा धान्याच्या कोठीजवळ ठेवावी आणि 48 तास पूर्ण होऊ द्यावेत, नाहीतर दूषित पाणीही स्वच्छ ठरतं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवली तर अति उष्णतेने जंतूच मरतात. क्लोरीन असलेल्या नळाच्या पाण्याला ही चाचणी लावायची असेल तर बाटलीत क्लोरीन मारणारं थायोसल्फेट आहे का हे आधी पाहावं. उलट, सडक्या अंड्याचा वास येणाऱ्या खोल बोअरचं पाणी मैला नसतानाही बाटली काळी करू शकतं. अशा वेळी नमुना प्रयोगशाळेतच जायला हवा.

काठिण्य आणि क्लोराईडच्या चाचण्या थेंब मोजण्याच्या आहेत. बाटली सरळ उभी धरली की थेंब सारखे पडतात, एवढंच सांभाळायचं. शाळेसाठी काठिण्याची चाचणी उत्तम: विहिरीचं पाणी बॅटरीच्या पाण्यात निम्मं निम्मं मिसळलं की थेंबांची संख्याही निम्मी व्हायला हवी. मुलांना चाचणी कळते आणि पेटी चालते की नाही हेही कळतं. क्लोराईडमध्ये सिल्व्हर नायट्रेट असतं, हातावर काळे डाग पडतात. ती मोठ्यांनी हातमोजे घालून करावी.

फ्लोराईडबाबत आम्ही समाधानी नाही. लालसर रंग पिवळ्याकडे झुकतो तो 1 आणि 1.5 मिलिग्रॅममध्ये इतका थोडा बदलतो की दोन माणसं दोन आकडे सांगतात, आणि निर्णय तर नेमका याच दोन आकड्यांमध्ये असतो. पाण्यात क्लोरीन असेल तर ते रंगच उडवतं आणि फ्लोराईड जास्त असल्याचा भास होतो, म्हणून नमुना क्लोरीन टाकण्याआधीचा हवा. नांदेड जिल्ह्यात किनवटच्या बाजूला फ्लोराईडचा त्रास जुना आहे. अशा भागात पेटीवर न थांबता भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत लिटरभर नमुना द्यावा.

पेटीसोबतचं प्रशिक्षण मात्र सगळ्यात कच्चा दुवा आहे. रंग जुळवायला शिकवतात, पण रंग वाईट आला तर पुढे काय करायचं, हे शिकवत नाहीत. बाटली काळी झाली की पहिलं काम म्हणजे स्रोताभोवती चक्कर मारणं: हापशाचा ओटा फुटलाय का, विहिरीला कठडा आहे का, संडासाचा खड्डा, शोषखड्डा किंवा गोठा 15 मीटरच्या आत आहे का. शोषखड्डे चांगलेच, पण भेगाळ खडकात ते विहिरीच्या उशाला नकोत. आरोग्य विभाग गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो ते अशाच पाहणीवरून. तपासणाऱ्या बायकांना ती पाहणी स्वतः करता यायला हवी.

वापरलेली रसायनं विहिरीच्या किंवा हापशाच्या ओट्यावर ओतू नयेत. ती एका जुन्या डब्यात साठवून प्रयोगशाळेत नमुना नेताना सोबत द्यावीत. काळी झालेली बाटली टीसीएलच्या दाट पाण्यात तासभर बुडवूनच टाकावी.

पेटी घेताना तीन गोष्टी विचाराव्यात: रसायनांची मुदत किती उरली आहे, संपलेली रसायनं सुटी मिळतात का, आणि पत्रक मराठीत आहे का. मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर ती पेटी परत करावी. रंगांचं कार्ड उन्हाने विटतं, म्हणून पेटी खिडकीपासून दूर, बंद कपाटात ठेवावी आणि कपाटाची किल्ली तपासणाऱ्या महिलांकडे असावी.