पावसाळी फुलं रंगवायला जलरंग की रंगीत पेन्सिली?

ताम्हण रंगवायचा असेल तर वाद नको, जलरंगच घ्या. त्याची चुरगळलेली पाकळी कोल्ड प्रेस म्हणजे जरा खडबडीत कागदावर क्विनाक्रिडोन रोज हा गुलाबी आणि अल्ट्रामरीन हा निळा, यांच्या एका ओल्या हातात उतरते. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि सुरकुत्या जवळजवळ फुकटात मिळतात. पेन्सिलीने तेच साधायला सहा-सात थर चढवावे लागतात, तोवर ग्लासातली फांदी मान टाकते.

पण ताम्हण उन्हाळ्यातला. मुंबईत पाऊस लागला की वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, वाळायचं नाव घेत नाही. वरून सुकल्यासारखा दिसतो, दुसरा हात फिरवला की खालचा रंग उठतो. पावसात फुलणाऱ्या कळलावीला हे फार जाचतं. बुडाच्या हिरवट पिवळ्यात वरचा लाल शिरला की तपकिरी चिखल होतो आणि पाकळीची नागमोडी कड हरवते.

तेही घरी हेअर ड्रायरने निभतं. निभत नाही ते कागदाचं साइझिंग, म्हणजे कागदाने रंग पिऊ नये म्हणून त्याला दिलेली खळ. शंभर टक्के कॉटनचा, जाड ३०० जीएसएमचा महागडा कागद दमट कपाटात राहिला की बुरशी त्या खळीतलं जिलेटिन खाते. कोरा कागद निर्मळ दिसतो. रंग लागला की गडद ठिपके उमटतात, कारण तेवढ्या जागी तो टीपकागदासारखा रंग पितो. हे झाकता येत नाही, आणि कळतं ते अर्धं चित्र झाल्यावर. आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी समोर असताना असं झालं तर बोलायलाच नको. कागद झिप पिशवीत सिलिका जेलसोबत ठेवावा, हे खरं. पण जुलै-ऑगस्टमध्ये ती पिशवी उघडावी तितकी हवा आत जातेच.

माझा कल म्हणून पावसाळ्यापुरता पेन्सिलींकडे आहे, आणि साइझिंग गेलेला कागदही त्यांना बऱ्यापैकी चालतो. राष्ट्रीय उद्यानात फूल तोडायला बंदी, कळलावी तर विषारीच. म्हणजे काम जागेवर, बहुधा उभ्यानं, एका हातात छत्री. तिथे पाण्याचा डबा सांभाळण्यापेक्षा पेन्सिल बरी.

अर्थात पेन्सिलींचीही कटकट आहे. दमट कागद मऊ पडतो आणि टोकदार पेन्सिलीने चर पडतात. खाली कडक पाट घ्या, हात हलका ठेवा. लालवर पिवळा चढत नाही, म्हणून आधी पाकळीभर पिवळा, मग कडेची बारीक रेघ सोडून लाल. शिरा हव्या असतील तर त्याआधी शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून घ्या, त्या रंगाखाली पांढऱ्या उरतात. मेणाच्या पेन्सिलींचे जाड थर दिल्यास काही आठवड्यांत वर पांढुरकी साय येते. मऊ फडक्याने ती पुसली जाते, तेलाच्या पेन्सिलींना ती क्वचितच येते. गुलाबी-जांभळ्या छटा घेताना मात्र टिकाऊपणाची खूण बघूनच घ्या. उजेडात सगळ्यात आधी त्याच उडतात.