पिकअपला ‘इंटेक किट’ बसवून देणाऱ्यांपासून सावध राहा : माझे १,१३,७५० रुपये गेले

आंब्याचा सीझन तोंडावर आला की हायवेलगतच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत ही मंडळी गिऱ्हाईक हेरायला बसलेली असतात. ‘कोल्ड एअर इंटेक’ (इंजिनात हवा नेणारा फिल्टर आणि पाइप बदलायचं किट) बसवा, ॲव्हरेज लिटरमागे दोन-अडीच किलोमीटरने वाढेल, भरली गाडी घाटात गिअर न पाडता चढेल. मी रत्नागिरीकडून पुण्याच्या मार्केट यार्डात पेट्या नेतो. गाडी माझी, चालवतो मीच, हप्ता चालू आहे. भरल्या गाडीने आंबा घाट चढताना डिझेल कसं जातं हे ज्याचं पोट या धंद्यावर आहे त्यालाच कळतं. त्यामुळे ‘हौस कशाला केलीस’ असं कोणी म्हणू नका. हौस नव्हती. पुढच्या गाडीवाल्याच्या भाड्याशी बरोबरी करायची होती.

दुकान कोल्हापूरच्या अलीकडे. नाव इथे लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. किटचे १४,५०० रुपये, फिटिंगचे १,८०० आणि ‘ईसीयू ट्युनिंग’चे (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलण्याचे) ४,५०० असे २०,८०० झाले. १५,००० यूपीआयने घेतले, तेही भलत्याच बाईच्या नावाच्या खात्यावर. उरलेले ५,८०० रोख. बिल मागितलं तर कोऱ्या चिठ्ठीवर आकडे लिहून दिले आणि ‘पक्कं बिल व्हॉट्सॲपला टाकतो मालक’ म्हणाले. ते बिल आजतागायत आलेलं नाही. जीएसटी नंबर नसलेला कागद हातात देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका, दुकान कितीही चकाचक असो.

आता तो क्षण, जो आठवला की आजही डोकं तापतं. कंपनीचा काळा फिल्टर बॉक्स काढून पोऱ्याने लाल कोन फिल्टर आणि चकचकीत पाइप बसवला. हवा मोजणारा सेन्सर त्या पाइपच्या भोकात घालायला गेला तर भोक मोठं, सेन्सर ढिला. त्याने कडेने सिलिकॉन भरलं आणि वरून काळी टेप तीन-चार वेढे गुंडाळली. मी शेजारीच उभा होतो. विचारलं, “अरे, टेप कशाला?” तर मालकच पुढे आला. “हीटप्रूफ टेप हाय, किटमधलीच. टेन्शन घ्यायचं न्हाई मालक.” साडेचौदा हजारांच्या वस्तूला टेप लागतेच कशी, तिथेच गाडी बंद करून जुना बॉक्स परत लावायला सांगायला हवं होतं. पण किटच्या खोक्यावर मोठ्या परदेशी कंपनीचं नाव, होलोग्राम, इंग्रजी माहितीपत्रक, भिंतीवर दहा गाड्यांचे फोटो. आपण काय इंजिनिअर आहोत का? गॅरेजवाल्याच्या शब्दावर विश्वास ठेवूनच सगळे गाड्या चालवतात.

नंतर ट्रायल दिली. गाडी रिकामी, रस्ता उताराचा, मीटरवरचं ॲव्हरेज आधी शून्यावर आणलेलं. त्यात आकडा चांगलाच दिसणार, किट असो वा नसो. बॉक्स निघाल्यामुळे टर्बोची, म्हणजे इंजिनात दाबाने हवा ढकलणाऱ्या पंख्याची, शिट्टी केबिनमध्ये जोरात ऐकू येते आणि माणसाला वाटतं पिकअप वाढला. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढत नाही. कोणी ट्रायल दिलीच तर स्वतःच्या मालासकट, स्वतःच्या रस्त्यावर घ्या. टाकी फुल्ल करून, पुन्हा फुल्ल करून हिशोब काढा.

मीटरवरची इंजिन बिघाडाची चेक लाइट लागली तेव्हा दुकानात फोन केला. ‘नवीन फिल्टर सेट होतोय, पाचशे किलोमीटर चालू द्या.’ पुन्हा लागली तेव्हा त्यांच्या माणसाने स्कॅनर लावून लाइट घालवली आणि ५०० रुपये घेतले. लाइट घालवणं म्हणजे बिघाड काढणं नव्हे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

साखरपा सोडून घाट लागला आणि गाडीचा दम गेला. काळा धूर, पायाखाली ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि गाडी पहिल्यावरही ओढेना. मागे ८४ पेट्या. दुसरी पिकअप बोलावून माल पालटला, तिचे ७,५००. टोचनचे ६,५००. माल उशिरा पोचला, फळ गरम झालं म्हणून दरात तूट आली ती १८,४०० रुपयांची, आणि बागायतदाराने ती माझ्या भाड्यातून कापली. त्याला तरी काय बोलणार?

सर्व्हिस सेंटरमध्ये सुपरवायझरने पाइप सोडवला, आत पांढरं फडकं फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. फडकं लालभडक. आपल्या बागांच्या वाटांवरची जांभ्याची धूळ, थेट टर्बोच्या तोंडात. टेप गरमीने सुटली होती आणि तिथून न गाळलेली हवा आत जात होती. टर्बोच्या पंख्याच्या पात्यांच्या कडा कुरतडलेल्या दिसत होत्या. त्याने लाल फिल्टर उजेडासमोर धरला, तर रबराच्या बुडाशी जिथे कापड चिकटवायचं तिथे सरळ उजेड आरपार. माल नकली होता. सेन्सरच्या आतल्या, हवा मोजणाऱ्या तारेवर फिल्टरच्या कापडाला लावलेल्या तेलाचा थर बसलेला. आणि ‘ट्युनिंग’? स्कॅनरवर सॉफ्टवेअर मूळ कंपनीचंच. ४,५०० रुपये नुसती केबल लावून लॅपटॉप उघडल्याचे.

त्यानेच समजावलं ते नीट वाचा. कंपनीच्या बॉक्सचं नळकांडं पुढून, बाहेरची थंड हवा घेतं. हा उघडा कोन बोनेटखाली इंजिनची गरम हवा ओढतो. नाव ‘कोल्ड’, हवा गरम. शिवाय पाइपचा व्यास बदलला की सेन्सरचं माप चुकतं, कारण ते मूळ नळीच्या व्यासावर बेतलेलं असतं. टर्बो डिझेलला हवा मुळातच जास्तीची मिळते, नुसता फिल्टर बदलून ॲव्हरेज अडीचने वाढणं शक्य नाही.

टर्बो मजुरीसह ४७,८५०. सेन्सर ६,७५०. फिल्टर बॉक्स आणि होज नवीन घ्यावे लागले, ५,४५०, कारण जुने दुकानदाराने ‘अडगळ कशाला नेता’ म्हणून ठेवून घेतले होते आणि नंतर ‘भंगारात गेले’ म्हणाला. जुना भाग कधीही दुकानात सोडू नका. वॉरंटी शिल्लक होती, पण सर्व्हिस सेंटरने जॉब कार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, ‘बाहेरून बदल’ असं लिहून हात वर केले.

मग सुरू झाली सरकारी वरात. पोलिसांत गेलो तर ठाणे अंमलदारांनी चिठ्ठी पाहिली आणि म्हणाले, “हा दिवाणी मामला, कोर्टात जा.” नकली माल खोट्या नावाने विकला, यात दिवाणी काय आहे? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? साधा अर्ज घेऊन पोच द्यायलाही तयार नव्हते, बाहेरून झेरॉक्स आणा, मग साहेब नाहीत, मग हद्द आमची नाही. हद्दीचं ठाणं म्हणालं पैसे जिथून गेले तिथे जा. आरटीओत गेलो तर टेबलावरच्या माणसाने उलट मलाच मोटार वाहन कायद्याचं १८२-अ कलम दाखवलं, बेकायदा बदलाला मालकाला बदलामागे पाच हजार दंड! दुकानदाराबद्दल काही विचारलं की ‘आमच्या अखत्यारीत नाही’. लुबाडला गेलो मी आणि धमकी मलाच. भरदिवसा बोर्ड लावून हे धंदे चालतात, हप्त्यावर गाडी ओढणाऱ्याचं ऐकायला मात्र एकही खिडकी उघडी नाही. अजून एका कार्यालयात सांगितलं, गाडी पिवळ्या पाटीची, धंद्याची, तुम्ही ग्राहकच नाही.

हे साफ खोटं आहे, याला फसू नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच वापरलेली वस्तू ‘व्यावसायिक हेतू’त धरत नाहीत. पाच लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पोलिसांनी नाकारलं तर अर्ज रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. मी पाठवलाय. यूपीआयची पावती, चिठ्ठी, कॉल रेकॉर्डिंग, जॉब कार्ड आणि तो लाल फिल्टर पिशवीत बंद करून ठेवलाय.

ज्यांनी अशा ठिकाणी किट बसवलंय त्यांनी पुढचं भाडं भरायच्या आधी बोनेट उघडा. सेन्सरपाशी टेप किंवा सिलिकॉन दिसतंय का बघा. टर्बोकडे जाणारा पाइप सोडवून आत बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर गाडी चालू करू नका.