जुन्या फर्ग्युसनला हायड्रोलिक बसवून नऊ महिने: सगळा हिशेब तेलाच्या थेंबांचा

तेल गळतंय का ते कळावं म्हणून ट्रॅक्टरखाली ठेवलेला पुठ्ठा आज सकाळी ओढून पाहिला, कोरडा. सलग एकविसावा दिवस. इतके दिवस रागात लिहायचं नाही असं ठरवलं होतं, आता लिहितो.

ट्रॅक्टर फर्ग्युसन टीईएफ २०, डिझेल, आजोबांनी घेतलेला. कॉव्हेन्ट्रीत १९५६ पर्यंत बनलेली ही मालिका ज्यांच्या शेडमध्ये उभी आहे, त्यांना तिची ओळख करून द्यायला नको. मागची अवजारं उचलणारी तेलाची लिफ्ट मूळचीच आहे आणि आजही उचलते. मला हवी होती हायड्रोलिकने, म्हणजे तेलाच्या दाबाने पलटी होणारी ट्रॉली. मिरगाच्या आधी शेणखताच्या खेपा असतात, आणि फावड्याने ट्रॉली रिकामी करायला आता माणसं मिळत नाहीत.

सोपा रस्ता म्हणजे लिफ्टच्याच तेलातून एक पाईप बाहेर काढायचा. फर्ग्युसनच्या टिपिंग ट्रेलरला पूर्वी तसंच करत. पण लिफ्टचा पंप पीटीओच्या, म्हणजे अवजारांना ताकद देणाऱ्या मागच्या शाफ्टवर चालतो आणि क्लच एकच आहे. क्लच दाबला की चाकं थांबतात, पीटीओ थांबतो, लिफ्टही थांबते. खत पसरताना ट्रॉली उचलत उचलत पुढे सरकावं लागतं. गिअर टाकायला क्लच दाबला की उचल अर्ध्यावर राहणार. दुसरं म्हणजे गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल आणि लिफ्ट यांचं तेल एकच. शेतात पाईप जोडताना-सोडताना जी माती आत जाईल, ती थेट आजोबांच्या गिअरमध्ये. ते माझ्या मनाला पटेना.

पीटीओला बाजारातला पंप लावायचा, तर तिथेही तोच क्लच. शिवाय या ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट एक इंच एक सूत, आणि दुकानातले पंप एक इंच तीन सूतवाले. म्हणून क्रँकच्या पुलीला दोन खाचांची रिंग बोल्ट करून बेल्टवर गिअर पंप (दातेरी चाकांनी तेल ढकलणारा) घेतला. पंप एका फेऱ्याला ११ सीसी तेल देणारा, म्हणजे इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर असताना मिनिटाला सोळा-साडेसोळा लिटर. वेगळी टाकी, एक लिव्हर, जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह १५० किलोवर. ट्रॉली उचलणारा ८० मिलिमीटरचा जॅक जुन्या ट्रॉलीबरोबरच आला होता. पंप घेताना तो कोणत्या दिशेने फिरतो ते बघून घ्या, उलटा लावला तर तेल ओढतच नाही. खर्च २८,४०० रुपये, तालुक्याच्या गावच्या वर्कशॉपमध्ये.

पहिल्या महिन्यात विचारलं असतं तर डोळे झाकून बसवा म्हणालो असतो. भरलेली ट्रॉली वीस सेकंदांच्या आत वर. क्लच दाबा, गिअर बदला, उचल चालूच. आण्णा बांधावर उभे राहून तीनदा रिकामी ट्रॉली वर-खाली करून बघत होते.

मग थेंब सुरू झाले. आधी लिव्हरच्या व्हॉल्व्हच्या जोडावर. मिस्त्री म्हणाले, "मालक, हायड्रोलिक म्हटलं की थोडं पाझरणारच." मला हे मान्य नाही, आजही नाही. २० लिटरची बादली ३,९०० रुपयांना येते, रोज वाटीभर जमिनीत का घालू? जोड उघडला तर आट्यांवर पांढरी टेप गुंडाळलेली, नळाला लावतात ती. हे आटे सरळ असतात, निमुळते नसतात. त्यांत टेप कितीही भरा, तेल वाट काढतंच. तिथे डाऊटी वॉशर लागतो, लोखंडी कडी आणि आत रबर. पाच-दहा रुपयांची वस्तू. पुढे त्याच टेपचा तुकडा सुटून रिलीफ व्हॉल्व्हच्या सीटवर बसला. दाब तयारच होईना, भर एप्रिलात खताची ट्रॉली रानात तशीच उभी राहिली. सगळे जोड मी स्वतः उघडले, टेप खरवडली, वॉशर घातले. व्हॉल्व्हचा थेंब बंद.

तरी पुठ्ठ्यावर डाग. आता तो पंपाच्या नाकाशी. चौथ्या महिन्यात शाफ्टभोवतीचं, तेल अडवणारं रबरी सील पूर्ण गेलं. वर्कशॉपने आधी तेलाला दोष दिला, मग ट्रॅक्टर जुना म्हणून कंप जास्त असं सांगितलं, वॉरंटीचं नाव काढलं की फोन उचलणं बंद. तीन फेऱ्या मारल्या. चूक मात्र सरळ होती, आणि बसवताना माझ्याही डोळ्यांसमोर होती: पुली थेट पंपाच्या शाफ्टवर. पूर्ण दाबाला हा पंप साडेपाच एचपीच्या आसपास ताकद ओढतो, तेवढ्यासाठी दोन बेल्ट चांगले ताणावे लागतात आणि ते शाफ्टला एका बाजूला खेचतात. साधा गिअर पंप फिरवण्यासाठी असतो, असा बाजूचा भार सोसायला नाही. आतलं बुश, म्हणजे शाफ्टला धरणारी कडी झिजते, शाफ्ट डुलतो, सील कापलं जातं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर वेगळा शाफ्ट करून घेतला. तो दोन प्लमर ब्लॉकवर (बेअरिंगच्या बैठकांवर), पुली त्याच्यावर, आणि पंप मागून स्पायडर कपलिंगने, म्हणजे मध्ये रबर असलेल्या जोडाने. नवीन सील आणि बुश धरून ६,३०० रुपये. म्हणजे एकूण ३४,७००. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर मजुरी एकदाच गेली असती, हे अजून सलतं.

म्हणून माझं मत बदललं आहे. बेल्टवरचा पंप चालतो, पण प्लमर ब्लॉक नसेल तर पैसे देऊ नका. टेप दिसली तर गाडी तिथून हलवू नका, समोर जोड उघडायला लावा. वर उचललेल्या ट्रॉलीखाली टेकू लावल्याशिवाय हात घालू नका, सील कधी जाईल ते आधी कळत नाही.

जॅकच्या खालच्या जोडाला अजून ओलसर लागतं, बोट फिरवलं तर. थेंब पडत नाही, पण मला दिसतं. या रविवारी तिथला वॉशर बदलतो. पुठ्ठा तोपर्यंत तिथेच ठेवणार आहे.