सह्याद्री-कोकणासाठी स्लीपिंग बॅग: १५ अंशांची, आयताकृती, पायापर्यंत उघडणारी

"पाच अंशांचीच घ्या मॅडम, कुठेही चालेल," असं दुकानात हमखास सांगतात. हिमालयात जायचं असेल तर जरूर घ्यावी. मी मात्र डोंबिवलीहून निघून सुधागड, राजमाची किंवा दापोलीकडच्या किनाऱ्यावर मुक्काम करते. तिथे पाच अंशांची बॅग म्हणजे रात्रभर घाम. म्हणून मी १५ अंश कम्फर्टची (म्हणजे तेवढ्या तापमानापर्यंत आरामात झोप लागेल अशी), कृत्रिम तंतू भरलेली, आयताकृती बॅग घेतली आणि तिच्यावर मनापासून खूश आहे. अशा मापाच्या बॅगा बऱ्याच कंपन्या काढतात, त्यामुळे नावापेक्षा गुण पाहा.

सगळ्यात मोठा गुण म्हणजे चेन. ती एका बाजूने खाली येऊन पायाकडूनही वळते, त्यामुळे बॅग पूर्ण उघडून पांघरुणासारखी वापरता येते. शिवाय चेनला दोन रनर आहेत, म्हणजे खांदे झाकलेले ठेवून फक्त पावलं बाहेर काढता येतात. सुधागडावर पंत सचिवांच्या वाड्यात ऑक्टोबरमध्ये झोपलं की याची किंमत कळते. भिंतींच्या आत वारा येत नाही, मध्यरात्रीपर्यंत उकडतं आणि पहाटे एकदम गारवा सुटतो. तेव्हा झोपेतच, डोळे न उघडता, चेन वर ओढता आली पाहिजे. पायाकडे निमुळत्या होणाऱ्या आणि डोक्याभोवती आवळता येणाऱ्या ममी बॅगेत ही मोकळीक नाही. ती शरीराची ऊब कोंडण्यासाठीच तशी शिवलेली असते.

लेबलवरचे आकडे नीट वाचा. कम्फर्ट, लिमिट (अंग आखडून कशीबशी झोप लागेल ते तापमान) आणि एक्स्ट्रीम असे तीन असतात. एक्स्ट्रीम म्हणजे जीव कसाबसा वाचेल ते तापमान, झोप लागेल ते नव्हे. जाहिरातीत मोठ्या अक्षरात कोणता आकडा छापलाय ते पाहा आणि खरेदी कम्फर्टवरच करा.

पिसांची बॅग वजनाला हलकी आणि घडीला लहान होते, हे खरं. पण पिसं ओलावा धरतात आणि ओली झाली की एकमेकांना चिकटून बसतात. ऊब त्यांच्या फुगण्यातच असते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत, दवात, घामात ती जपत बसणं मला पटत नाही. कृत्रिम तंतू ओले झाले तरी थोडीफार ऊब देतात आणि लवकर वाळतात. माझी बॅग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ९०० ग्रॅमच्या आतच भरली.

आतलं पॉलिस्टरचं कापड मात्र घामेजल्या दंडांना चिकटतं, आणि हा दोष या किमतीच्या जवळजवळ सगळ्याच बॅगांत आहे. त्यावर उपाय म्हणून मी आईची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी दुमडून दोन बाजूंनी शिवली आणि तिचं लायनर, म्हणजे बॅगेच्या आत घालायचं अस्तर, केलं. मार्च-एप्रिलमध्ये तर बॅग उशाला घेऊन नुसत्या लायनरमध्येच झोपते. रेशमी लायनर याहून खूप हलकं आणि लवकर वाळणारं असतं, पण महाग. सुती कापड घाम शोषतं पण सावकाश वाळतं, म्हणून सकाळी चहा होईपर्यंत ते झाडाला टाकायचंच.

दुसरी कुरबुर चेनची. आतली कापडी पट्टी अधूनमधून तिच्यात अडकते. दुकानात असतानाच बॅगेत आडवं होऊन चेन एका हाताने खाली-वर करून पाहा. तीनदा अडकली तर दुसरी मागा.

जानेवारीत हरिश्चंद्रगडावर ही बॅग एकटी पुरत नाही. गड १४०० मीटरहून उंच आहे आणि कोकणकड्यावरचा वारा हाडांत शिरतो. तिथे मी लायनर, लोकरी मोजे, कानटोपी आणि खाली जाड कॅरीमॅट घेते. मॅटकडे दुर्लक्ष करू नका, कारण अंगाखाली दबलेल्या भरावात हवा उरत नाही आणि जमिनीची थंडी तिथूनच येते.

घरी आल्यावर बॅग उलटी करून वाळवायची, पावसाळ्यात पंख्याखाली. दाबून भरायच्या पिशवीत महिनोन्‌महिने ठेवली तर भराव कायमचा चेपतो आणि ओल राहिली असेल तर कुबट वास धरतो. मी मोठ्या सुती उशीच्या अभ्र्यात सैल ठेवते. धुताना सौम्य साबण, सॉफ्टनर अजिबात नाही, आणि पिळायची नाही. सहा फुटांच्या वरच्या मंडळींनी मात्र लांबी तपासूनच घ्यावी. माझ्या भाच्याचे खांदे बाहेर राहतात.