जिल्हा रुग्णालयाचा नवजात कक्ष: कमी वजनाच्या बाळासाठी कितपत भरवशाचा?

बाळ दीड किलोचं भरलं की घरच्यांपुढे पहिला प्रश्न हाच येतो: सिव्हिलमध्येच काचेत ठेवायचं की शहरातल्या खाजगी दवाखान्यात हलवायचं? महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि महिला रुग्णालयांत एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा खास कक्ष असतो. त्याबद्दल आमचं मत आधीच सांगतो. बाळ १२०० ते २००० ग्रॅमचं असेल आणि श्वासाचा मोठा त्रास नसेल, तर हा कक्ष चांगला आहे, आणि खर्चाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी चांगला आहे. हजार ग्रॅमच्या आतलं किंवा व्हेंटिलेटर लागेल असं बाळ मात्र वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावं. व्हेंटिलेटर आणि मोठी शस्त्रक्रिया सोडून बाकी उपचार करायचे, याच हिशेबाने एसएनसीयू उभारले गेले. हलवायचंच असेल तर शक्यतो बाळ पोटात असतानाच आईला हलवावं. ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं मिळाली पाहिजेत: ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, एकूण चार. ती दिली का, हे नातेवाइकांनी खुशाल विचारावं.

भरती कुणाची होते? वजन १८०० ग्रॅमपर्यंत किंवा दिवस ३४ आठवड्यांच्या आतले असतील तर बाळ थेट कक्षात जातं. १८०० ते २५०० ग्रॅमचं बाळ अंगावर नीट ओढत असेल, गरम राहत असेल, तर ते आईजवळच ठेवतात. ‘वजन कमी आहे, मग काचेत का नाही ठेवत?’ म्हणून सिस्टरांशी भांडणारे नातेवाईक पुष्कळ असतात. अशा बाळाला आईपासून तोडण्यात काहीच हशील नाही. उलट कक्षातला जंतुसंसर्ग विनाकारण वाट्याला येतो.

आता ‘काच’ म्हणजे नेमकं काय ते पाहू. बहुतेक ठिकाणी ती बंद पेटी नसते. वरून उष्णता देणारा उघडा वॉर्मर असतो. बाळाच्या पोटावर, उजवीकडे यकृताच्या जागी, अंगाची उष्णता मोजणारा एक छोटा प्रोब चिकटवलेला असतो आणि यंत्र ३६.५ अंशांवर लावलेलं असतं. सगळी मदार या चिकटपट्टीवर आहे. प्रोब सुटून लोंबकळला की यंत्राला वाटतं बाळ गार पडलंय, मग ते तापत राहतं आणि बाळ भाजल्यासारखं लाल होतं. बाळ प्रोबवरच पालथं झालं तर उलटं घडतं: यंत्र उष्णता कमी करतं आणि बाळ गारठतं. म्हणून चांगल्या कक्षात सिस्टर यंत्राच्या आकड्यावर विसंबत नाहीत, काखेत थर्मामीटर लावून ताप टिपतात. ३६.५ ते ३७.५ मध्ये असला की ठीक. हात लावून पाहायचं तर पोट आणि तळवे दोन्ही कोमट हवेत. पोट कोमट आणि तळवे गार म्हणजे बाळ गारठायला लागलंय, दोन्ही गार म्हणजे धोका.

यंत्रांत आपले एसएनसीयू कमी पडत नाहीत. सेवेचा खरा कस लागतो तो दुधात.

१४०० ग्रॅमच्या बाळाचा हिशेब घ्या. पहिल्या दिवशी साधारण किलोला ८० मिलिलिटर, म्हणजे चोवीस तासांत ११२ मिलिलिटर द्रव लागतो, त्यातला बराचसा सलाइनमधून जातो. मग रोज थोडं दूध वाढवत, सलाइन उतरवत आठवडाभरात किलोला १५० मिलिलिटरवर यायचं, म्हणजे दिवसाला २१० मिलिलिटर. दर दोन तासांनी पाजलं तर एका वेळेला साडेसतरा. एवढं दूध आईला सहज येतं, पण त्यासाठी पहिल्या काही तासांतच पिळायला सुरुवात व्हायला हवी आणि दिवसातून आठ-दहा वेळा, रात्रीसुद्धा, पिळलं पाहिजे. इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. सिझेरियन झालेली आई वरच्या मजल्यावर, बाळ खाली, आणि ‘अजून दूध उतरलं नाही’ म्हणत दोन दिवस कुणी हातच लावत नाही. पहिल्या दिवशी चमचाभरच चीक निघतो आणि तेवढाच पुरतो. न पिळता दूध वाढत नाही.

पिळलेलं दूध उकळलेल्या, झाकणाच्या स्टीलच्या वाटीत ठेवावं. उन्हाळ्यात बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये, फ्रीजमध्ये चोवीस तास चालतं. ३२ आठवड्यांच्या आतल्या बाळाला तोंडातून पोटात गेलेल्या बारीक नळीने पाजतात. सिरिंजचा दट्ट्या काढून ती उंच धरायची आणि दूध आपल्या वजनाने उतरू द्यायचं, ढकलायचं नाही. त्यानंतर वाटी-चमचा किंवा बोंडलं. बाळ अर्धवट बसतं धरायचं, चमच्याची कड ओठांच्या कोपऱ्याला टेकवायची आणि थेंबभर दूध सोडून गिळण्याची वाट बघायची. घाई केली की ठसका लागतो, चेहरा निळसर होतो. ३४ आठवड्यांच्या सुमारास बाळ अंगावर ओढू लागतं. जी सिस्टर आईच्या हाताला धरून हे सगळं शिकवते, ती त्या कक्षातली सर्वात मोलाची व्यक्ती. दुधाची बाटली मात्र कक्षात कुठेही दिसता कामा नये.

आईचं दूध कमी पडलंच तर दुसऱ्या आईचं पाश्चराइज केलेलं दूध हा पुढचा पर्याय. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली दूधपेढी सुरू केली, आशियातली पहिली. मोठ्या शहरांत आता अशा पेढ्या आहेत, पण सगळ्या जिल्ह्यांत नाहीत, ही खरी उणीव आहे. तिथे पावडरचं दूध येतं आणि त्याबरोबर अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं आतडं सुजण्याचा धोकाही वाढतो.

दुधाच्या खालोखाल कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवणं. कोलंबियातल्या बोगोटामध्ये पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली ही पद्धत. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या अभ्यासातून दिसलं, की १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच, प्रकृती स्थिर होण्याची वाट न बघता आईच्या छातीशी ठेवलं, तर पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटतात. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसाला ८ ते २४ तास सांगते. आणि आपल्याकडे? कित्येक कक्षांत आईला सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास आत घेतात आणि रजिस्टरमध्ये ‘केएमसी (कांगारू मदर केअर) दिली’ अशी नोंद होते. याला सेवा म्हणायला आमचं मन धजत नाही. आईची खाट बाळाच्या शेजारीच असते असे एमएनसीयू काही ठिकाणी झाले आहेत. आपल्या जिल्ह्यात तसा असेल तर डोळे झाकून तिथे जावं.

पद्धत सोपी आहे, पण बांधणी नीट हवी. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. आईच्या उघड्या छातीवर, मधोमध, उभं ठेवायचं. मान एका बाजूला वळलेली, हनुवटी जराशी वर. पुढे झुकली तर श्वास कोंडतो. पाय बेडकासारखे बाहेरच्या अंगाला. कापडाची वरची कड बाळाच्या कानाच्या पाळीखाली यावी, घट्टपणा छातीला असावा, पोटाला नाही. आई टेकून, अर्धवट बसून राहील अशी खुर्ची लागते, प्लास्टिकच्या स्टुलावर पाठ तासाभरात भरून येते. आईला ताप असेल किंवा ती थकली असेल तर वडील, आजी, मावशी कुणीही हे करू शकतं. बापाला दाराबाहेर उभं करणारे कक्ष त्याला आत घेऊ लागले तर निम्मं काम हलकं होईल.

कक्ष बघायला गेलात तर तीन गोष्टींकडे लक्ष द्या. एका वॉर्मरवर दोन बाळं आहेत का? असतील तर एकाचा जंतू दुसऱ्याला लागणार हे धरूनच चाला. रात्रपाळीला किती सिस्टर असतात? तीन-चार बाळांमागे एक, असा नियम आहे. बाराला दोनच असतील तर रात्रीचं पाजणं उशिरा होणारच, त्यात त्या सिस्टरांचा दोष नाही. आणि आत जाणारा प्रत्येक जण, डॉक्टरसुद्धा, अंगठ्या-बांगड्या काढून कोपरापर्यंत हात धुतो का?

आगीचा विषय टाळून चालणार नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून १० बाळं गेली. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. दुसरं दार उघडं आहे का, एका बोर्डावर किती यंत्रं लटकवली आहेत, रात्री कक्षात सतत कुणी जागं असतं का, हे विचारायचा प्रत्येक पालकाला हक्क आहे.

पैशाचं थोडक्यात. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाचं औषध, तपासण्या, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. आधी ३० दिवसांपर्यंत होतं, पुढे वर्षापर्यंत वाढलं. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात आली तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात दाखवावी. खाजगीत जायचं ठरलं तर दवाखाना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का हे भरती करण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारावं. बाळाचं नाव रेशनकार्डावर नसतंच, म्हणून जन्माची नोंद आणि आई-वडिलांची कागदपत्रं जवळ ठेवावीत.

या सेवेची सर्वात दुबळी बाजू म्हणजे आईची सोय. तिला स्वतःला डिस्चार्ज मिळतो आणि बाळ पुढे तीन आठवडे आत. मग ओली बाळंतीण व्हरांड्यात सतरंजीवर झोपते, जेवण मिळेल तेव्हा, आंघोळीला पाणी नाही. तिचं दूध आटलं की पुन्हा पावडर. वॉर्मरवर लाखांनी खर्च होतो, तिथे आईसाठी एक खाट, दोन वेळचं जेवण आणि एक न्हाणीघर एवढं झालंच पाहिजे.

पहिल्या आठवड्यात वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरतं, दोन आठवड्यांत मूळ वजनावर येतं आणि मग किलोला रोज १५ ते २० ग्रॅम चढतं. तीन दिवस सलग वजन वाढलं, दूध तोंडाने जातंय आणि वॉर्मरशिवाय अंग कोमट राहतंय, की सुट्टी होते. सुट्टीच्या कागदावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख असायलाच हवी. वजन २००० ग्रॅमच्या आत किंवा दिवस ३४ आठवड्यांच्या आतले असतील, तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासतात, फारच लहान बाळांचा दोन-तीन आठवड्यांतच. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वाकड्या वाढत असतील तर वेळेत लेसर केल्याने दृष्टी वाचते. बाहेरून डोळे अगदी छान दिसतात, म्हणून लोक ही तारीख चुकवतात. ‘सव्वा महिना झाल्यावर बाहेर काढू’ म्हटलं की ती हमखास हुकते. कानांची तपासणीही महिन्याभरात, आणि लोहाचे व ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टर सांगतील त्या मापाने.

घरी आशाताई वजन-ताप बघायला येतात, त्यांना परतवू नका. गुटी, मध, शेगडीची धुरी यांतलं काहीही नको. बाळ दूध ओढेनासं झालं, गार पडलं, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास घेऊ लागलं, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा तळपायापर्यंत पिवळं दिसलं, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करायचा आणि गाडीतही बाळ छातीशी बांधूनच न्यायचं.